माझ्या केसांची जाहीर तपासणी

वयाच्या तेविसाव्या वर्षी मी बी. ए. होते, मुलुंडच्या एका शाळेत सातवीच्या वर्गाला शास्त्र शिकवत होते, आणि माझे स्वतःचे केस सरळ आहेत की लाटालाटांचे, हे मला माहीत नव्हते.

लोकांना हे खोटे वाटते. बटाटा हे मूळ नसून खोड आहे, हे मी वर्गात छातीठोकपणे सांगत असे. पण स्वतःच्या डोक्यावर काय उगवते आहे, असे कुणी विचारले असते तर मलाच बाकावर उभे राहावे लागले असते. याला मी जबाबदार नाही. जबाबदार आहे तेल.

सावंतवाडीला आमच्या आबांचा खोबरेल तेलाचा घाणा होता. बैल गोल फिरायचा आणि आमचे घर चालायचे. आमच्या घराण्यात सही करणारी पहिली मी आणि पदवी घेणारीही मीच (मधल्या पायऱ्यांवर कुणी थांबलेच नाही). हेडमास्तरांनी आबांना सांगितले, पोरीला शिकवा. आबांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा त्या घाण्याचे, त्या बैलाचे आणि त्या तेलाचे उपकार मी आजही मानते. फक्त एवढेच, की ज्या घरात तेल पाण्यासारखे वाहते त्या घरातल्या मुलीचे डोके कधी कोरडे राहत नाही. न्हाणे झाले की केस धड वाळायच्या आत आई ओंजळभर तेल थापायची आणि दोन वेण्या इतक्या घट्ट घालायची, की माझ्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत. शाळेत बाईंना वाटे, ही मुलगी फार लक्ष देऊन ऐकते. माझ्या हुशारीची सुरुवात तिथून झाली.

कॉलेजसाठी मी मुलुंडला मावशीकडे आले, तरी तेलाने पिच्छा सोडला नाही. वेंगुर्ल्याच्या बोटीने आबांचा डबा यायचा. त्यातले निम्मे मावशी स्वयंपाकाला वापरायची आणि निम्मे माझ्या नि नलूच्या डोक्याला. नलू म्हणजे मावशीची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. आम्ही दोघी अंगाने, रंगाने इतक्या सारख्या, की चाळीतली मंडळी पाठमोरी हाक मारताना दोन्ही नावे एकदम घेत. हे मुद्दाम सांगून ठेवते. पुढे याच गोष्टीने आमची वाट लावली.

तर मला घाटकोपरचे स्थळ आले. मुलगा दत्ताराम, एका कचेरीत कारकून. (पुढे यांना मी कधी नावाने हाक मारली नाही, पण लेखणीला तेवढी मोकळीक असावी.) वडील गिरणीतून निवृत्त झालेले, मूळ गाव कणकवलीकडचे. या स्थळात एक गोष्ट अशी होती, की मी रात्री पाण्याचा तांब्या भरतानाही तिचाच विचार करत असे. त्यांनी निरोप पाठवला होता, 'मुलीने लग्नानंतर नोकरी केली तर आमची हरकत नाही.' याआधीच्या सगळ्या स्थळांनी मला पाहण्याआधीच माझा राजीनामा मागितला होता. मला सातवीचा वर्ग सोडायचा नव्हता. आबांच्या बैलाने इतक्या फेऱ्या मारल्या त्या मी घाटकोपरात भाकऱ्या थापाव्यात म्हणून नव्हेत. म्हणून हे लग्न मला हवे होते. लाजत वगैरे नव्हे, चांगले स्पष्ट हवे होते.

आणि इथे दत्तारामच्या आत्याबाई अवतरल्या.

त्या भांडुपला राहत. एका रविवारी सकाळी मुलुंडला कुणाच्या बारशाला आल्या होत्या, तेव्हा जाता जाता मुलगी बघून घेऊ, म्हणून न कळवता आमच्या जिन्यावर हजर झाल्या. मी नुकतीच न्हाऊन गॅलरीत उभी होते. कमरेत वाकलेली, ओले केस सगळे तोंडावरून पुढे सोडलेले, आणि हातातल्या पंच्याने मी ते झटकत होते. माझ्या चेहऱ्याच्या जागी नुसते केस होते. त्यांतून पाणी गळत होते.

"हीच मां ती?" आत्याबाईंनी विचारले.

"हीच ती," मावशी म्हणाली. "कमळे, नमस्कार कर."

मी वाकलेलीच होते. तशीच आणखी खाली वाकले. आत्याबाईंनी माझी एक ओली बट बोटांत धरून वरून खालपर्यंत ओढून पाहिली, जशी सुतळी घेताना पाहतात, आणि समाधानाने म्हणाल्या, "केस बरे असत. गवंड्याच्या ओळंब्यासारखे सरळ." मी चेहरा वर काढेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या होत्या.

ओले केस सगळ्यांचेच सरळ दिसतात, हे शास्त्राच्या शिक्षिकेला त्या वेळी सुचायला हवे होते. मी मात्र पंचा पिळत बसले.

पुढच्या रविवारी सगळे घर आले. दत्ताराम, त्यांचे आईवडील आणि आत्याबाई. सकाळपासून मावशीचे आणि माझे वाजत होते. आमच्याकडे पाहायला आलेल्या बायका मुलीचे केस सोडायला लावत. केस किती लांब, किती दाट, आणि मुख्य म्हणजे त्यांत खोट्या केसांचे गंगावन बांधले आहे की काय, याची खात्री करून घेत.

"मी केस सोडणार नाही," मी म्हणाले. "मी पदवीधर आहे."

"पदवी काय डोक्यावर उगवते का गं? त्यांना केस बघायचेत."

"पदवी बघा म्हणावं. ती पण लांब आहे. गुंडाळून ठेवलीय."

"कमळे," मावशी म्हणाली, "नोकरी करू देणारं घर परत मिळणार नाही. तू गप्प बस, बाकी मी बघते."

त्या नोकरीच्या शब्दावर मी गप्प बसले. मावशीने माझे केस ओलसर असतानाच करकचून वेणी घातली आणि तिचा अंबाडा बांधला.

मंडळी आली, शिरा झाला. दत्ताराम काळी टोपी घालून ताठ बसले होते आणि बशीकडे बघत होते. त्यांच्या आई बोलायला चटपटीत होत्या. शाळा किती वाजता सुटते, घाटकोपरहून येणे-जाणे जमेल का, असे व्यवहाराचे दोन-तीन प्रश्न त्यांनी विचारले, आणि मला बाई आवडल्या. मग त्या म्हणाल्या, "केस तेवढे सोड गं जरा. रीत आहे म्हणून."

मी मान ताठ ठेवली आणि म्हणाले, "सोडते. ओढूनही बघा. गंगावन निघालं तर मी स्वतः हे लग्न मोडीन."

मावशीने डोळे मिटून घेतले. पण दत्तारामच्या आई हसल्या. मी काटे काढले, अंबाडा सोडला, वेणी मोकळी केली. सकाळपासून वेणीत दबलेले केस पाठीवर पसरले ते डोक्यापासून कमरेखालपर्यंत लाटाच लाटा! कौलारू छपरासारख्या, एकाखाली एक. नलूने आतून डोकावून तोंडावर हात ठेवला. मला स्वतःला मागचे काही दिसत नव्हते, पण सगळ्यांच्या तोंडावरून वाटले की चांगले दिसत असावे.

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली.

"ही ती न्हय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" मावशी म्हणाली.

"मी बघितलंय त्या चेडवाचे केस सरळ होते. ओळंब्यासारखे. माझ्या ह्या बोटांनी बघितलंय. ही दुसरी."

मग आत्याबाई दत्तारामच्या आईकडे वळून म्हणाल्या, "वयनी, माझ्या चुलत दिराक असाच फसवल्यानी. दाखवल्यानी धाकटी आणि अंतरपाटाआड उभी केल्यानी थोरली. तेवापासून मी येकटी जाऊन बघून येतंय, ती उगाच न्हय."

आता इथे मावशीने फक्त 'ओले होते हो केस' एवढे म्हणायचे होते. पण मावशी गडबडली की खरे बोलत सुटते. ती म्हणाली, "छे हो! सरळ केस तर आमच्या नलूचे."

"नलू कोण?" दत्तारामच्या आईंनी विचारले.

आणि त्याच वेळी नलू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तीच उंची, तोच रंग, आणि पाठीवर सरळसोट वेणी.

मी त्यानंतर पुष्कळ शाळांत तपासणीसाठी आलेले साहेब पाहिले. पण आत्याबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जो शोध लागल्याचा आनंद होता, तो कुठल्याही साहेबाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "दोन असत."

"दोघीच आहोत," मी उठून उभी राहिले. "पण गॅलरीत मीच होते. तुम्ही माझीच बट ओढली. आज सकाळपर्यंत दुखत होतं."

"मग तुझे खरे केस कुठले?" दत्तारामच्या आईंनी विचारले. त्यांच्या आवाजातले हसू गेले होते. "सरळ, का हे?"

खोटे बोलायची मला शिकवण नव्हती. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

हे ऐकून दत्तारामनी पहिल्यांदाच बशीवरून नजर उचलली. बाकी सगळ्यांना मात्र हे फारच संशयाचे वाटले. तेवीस वर्षे डोक्यावर वागवलेले केस कसले आहेत हे माहीत नसलेली मुलगी एक तर वेडी असते, नाही तर बदलून आणलेली.

तेव्हा माझ्यातली शास्त्राची शिक्षिका जागी झाली (नको तेव्हाच ती जागी व्हायची). मी म्हणाले, "पुढच्या रविवारी या. मी दुपारी केस स्वच्छ धुईन. तेल नाही, वेणी नाही, फणी नाही. उन्हात आपोआप वाळतील तसे वाळतील. मग बघा आणि काय ते ठरवा. नलू तोवर तुमच्या शेजारी बसेल. म्हणजे बदलाबदलीची शंका नको."

"मी कशाला?" नलू म्हणाली.

"तू गप्प," मावशी म्हणाली.

मंडळी उठली. दारात दत्तारामच्या आई थांबल्या आणि म्हणाल्या, "येऊ. पण पोरी, फसवाफसवी निघाली ना, तर नोकरीचं सोड, गावभर नाव होईल."

तो आठवडा मी कसा काढला ते माझे मला ठाऊक. बातमी जिन्यावरून खाली आणि नळावरून परत वर अशी फिरली, आणि चाळीत सरळवाले आणि लाटवाले असे दोन पक्ष पडले. निवडणुकीतही एवढी फूट पडली नव्हती. समोरच्या खोलीतले निवृत्त नाडकर्णीकाका सरळवाले. त्यांचे म्हणणे, "मुलुंडला आली म्हणून केस वाकले. खाडीचा दमट वारा आहे इथे. सावंतवाडीला मूळचे सरळच असणार." शेजारच्या जशोदाबेन लाटवाल्या. त्यांनी अरिठे, म्हणजे आपले रिठे, आणून दिले आणि बजावले, "शिकेकाई नको हां कमळबेन. अरिठानीच धू. सगळा तेल जायेल, मग असली माल दिसेल." माझ्या केसांना कुणी असली माल म्हणावे हे मला आवडले नाही, पण अरिठे घेतले.

शाळेतही मी फळ्याकडे वळले की मागे कुजबूज व्हायची. एकदा तर एका मुलीने हात वर करून विचारले, "बाई, रविवारी आम्ही आलो तर चालेल?" मी म्हणाले, "नाही. आणि बटाटा काय आहे?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "खोड."

"नाही म्हणून कळव," मावशी रोज सांगायची. "असली तपासणी कुणी ऐकली आहे का? हसं होईल."

"होऊ दे. माझे केस आहेत. जसे आहेत तसे दाखवीन. मला लाज कसली?"

हे मी इतक्या वेळा आणि इतक्या ठणकावून म्हणाले, की शेवटी माझा मलाच अभिमान वाटू लागला. आठवडाभर मी तेलाचा थेंब लावला नाही. डोके हलके वाटायचे, चालताना आपण थोडे वर तरंगतो आहोत असे वाटायचे. मला वाटले, स्वातंत्र्य म्हणतात ते हेच असावे.

आणि शनिवारी आबा आले.

मुलीचे लग्न ठरते आहे, अशा अर्धवट निरोपावर ते बोटीने निघाले होते. अंगात कोट, पायात वहाणा, आणि काखेत, अर्थातच, तेलाचा डबा. त्यांनी डबा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झाला गो तुका? ताप इलो काय?"

"नाही आबा. तेल लावलं नाही, म्हणून तसं दिसतं."

"तेल लावलंस नाय?" त्यांनी मावशीकडे असे पाहिले, की जणू तिने मला आठवडाभर जेवायलाच दिले नव्हते. "कित्याक?"

मावशीने सगळी हकीकत सांगितली. आबांनी शांतपणे ऐकली. त्यांना एवढेच समजले, की काही माणसांना माझे डोके कोरडे बघायचे आहे. अशी माणसे जगात असतात, याचेच त्यांना नवल वाटले. पण मुलीने ठरवले आहे म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. मी शिकलेली होते ना!

रविवारी दुपारी मी अरिठ्याने केस धुतले. दोनदा धुतले. शेवटी केस हातात करकर वाजू लागले. मग गॅलरीत उन्हाकडे पाठ करून पाटावर बसले. जशोदाबेन साक्षीदार म्हणून शेजारी तांदूळ निवडत बसल्या. नाडकर्णीकाका आपल्या दारात खुर्ची टाकून चष्मा पुसत होते. खालच्या मजल्यावरच्या बायका उगाचच वर येऊन उगाचच खाली जात होत्या. सगळी चाळ माझ्या पाठीकडे अशी बघत होती, जसे चुलीवरच्या दुधाकडे बघतात.

"अजून सरळच आहेत," नाडकर्णीकाका म्हणाले.

"ओले छे," जशोदाबेन म्हणाल्या. "थांबो."

"कानामागची एक बट वळतेय वाटतं," नलू म्हणाली.

"ती तू हलवलीस."

"मी हातसुद्धा लावला नाही!"

आबा गॅलरीच्या टोकाला तेलाची बाटली उन्हात धरून बसले होते. थंडीचे दिवस होते. तेल थिजले होते. ते बाटली हळूहळू फिरवत होते आणि पातळ होणाऱ्या तेलातून माझ्याकडे बघत होते. मग जशोदाबेन तांदूळ ठेवायला आत गेल्या, नाडकर्णीकाकांचा डोळा लागला, नलू जिन्याखाली पाहुणे आले का ते बघायला गेली. तेवढ्यात आबा माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"कमळ," ते हळू आवाजात म्हणाले, "नुसती टाळू भरतंय. खालच्या केसांक हात लावणंय नाय. टाळू सुकली तर डोळे जातले गो. तुका पुस्तका वाचूची असतत."

मी आठवडाभर मावशीला, चाळीला, घाटकोपरच्या अख्ख्या कुटुंबाला पुरून उरले होते. आता फक्त 'नको' एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी वळून पाहिले. आबांच्या तळव्यात ऊन लागून सोन्यासारखे झालेले तेल होते, आणि घाण्याच्या दांड्याने पडलेले घट्टे त्या तेलातून दिसत होते. मी काय केले असेन? मी मान खाली घातली.

टाळू भरून आबांचा हात थांबला असता तर ठीक होते. पण तो हात तेलाला सवकलेला. तो टाळूवरून कानांवर आला, कानांवरून मानेवर उतरला आणि तिथे जिन्यावर पावले वाजली म्हणून थांबला.

"अरे देवा," जिन्यावरून नलूचा आवाज आला. तिच्यामागे घाटकोपरची सगळी मंडळी उभी होती.

मला पाठमोरीच बसवून तपासणी झाली. मानेपर्यंत केस चपटे, चकचकीत, डोक्याला रंगवल्यासारखे सरळ. मानेखाली मात्र अरिठ्याने फुलारलेले, कोरडे, आणि नागमोडी वळणे घेत चाललेले. एकाच डोक्यावर दोन पक्षांनी अर्धे-अर्धे राज्य वाटून घेतले होते.

"सरळ," आत्याबाई वरचे बघून म्हणाल्या. "मी म्हणी नाय होतंय?"

"लाटा आहेत," दत्तारामच्या आई खालचे बघून म्हणाल्या. "स्वच्छ दिसतायत."

"जोवो तो बेऊ छे, दोन्ही छे," जशोदाबेन धावत बाहेर येऊन म्हणाल्या, आणि मग वास येऊन थबकल्या. "तेल कोणे नाख्यु? कोणी घातला?"

आबांनी तेलकट हात हळूच पाठीमागे नेला. आत्याबाईंच्या नजरेतून ते सुटले नाही.

"ठरला होता, तेल नाय. मगे ह्या काय? लपवाछपवी न्हय तर काय?"

माझ्या कानशिलांत काहीतरी तापले (थोडे उन्हानेही असेल). मी पाटावरून उठले आणि सगळ्यांकडे तोंड केले.

"आबांनी लावलं. मी लावू दिलं. याच तेलावर मी शिकले आणि याच तेलावर मी आज नोकरी करते. ते माझ्या डोक्यावर असणारच, आज, उद्या आणि लग्नानंतरही. माझे केस वरून सरळ आहेत, खालून लाटांचे आहेत, आणि मधे कसे आहेत ते मला अजूनही माहीत नाही. मुलगी मात्र एकच आहे. पटलं तर बघा."

मावशी भिंतीला टेकली. इथे थांबले असते तर माझी लाज राहिली असती. पण जिंकत आलेल्या माणसाला थांबायचे कळत नाही. मी दत्तारामकडे वळले.

"आणि माझी तीन रविवार तपासणी झाली. यांची टोपी अजून कुणी काढून बघितली नाही. काढा टोपी."

चाळीतल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास घेतला. दोन्ही भेटींत टोपीला हात न लावणारा माणूस. आत टक्कल असणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. दत्तारामनी आईकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि टोपी काढली.

टोपीखालून केस उसळून वर आले. दाट, काळेभोर, कपाळावरून मागे जाणाऱ्या मऊ लाटा. कुणी घडवून बसवल्यासारख्या, आणि तेलाचा थेंबही नाही. नाडकर्णीकाका खुर्चीतून उठून उभे राहिले.

"कमळे," मावशी भारावून म्हणाली, "लाटा म्हणतात त्या ह्या बघ."

"टोपी घातली नाही तर कचेरीत साहेब चिडवतात," दत्ताराम कानापर्यंत लाल होऊन म्हणाले. "म्हणून घालतो."

एवढ्यात आबा पुढे सरकले. त्यांना ना सरळ दिसत होते ना लाटा. त्यांना दिसत होते ते फक्त एका तरुण, चांगल्या मुलाचे कोरडे ठणठणीत डोके. कळवळून ते म्हणाले, "अरे रे, पोरा, तुझ्या डोक्याक कोण तेल घालूक नाय?" आणि पाठीमागे लपवलेला हात पुढे करून तळव्यातले राहिलेले तेल त्यांनी दत्तारामच्या टाळूवर घातले, आणि चोळलेसुद्धा.

दत्ताराम हलले नाहीत. चांगले डोळे मिटून उभे राहिले.

आता आमच्यात लग्नाआधी नवऱ्यामुलाच्या डोक्याला तेल लावायचा विधी असतो, हे गॅलरीतल्या प्रत्येक बाईला माहीत होते. आधी नलू हसली, मग खालच्या मजल्यावरच्या बायका. शेवटी दोन्ही रविवार एक शब्दही न बोललेले दत्तारामचे वडील घसा खाकरून म्हणाले, "तेल तर लागला. आता फक्त अक्षता रवल्या."

"पण केस..." आत्याबाई म्हणाल्या.

"तायडे, नोकरी करूक केस लागणत नाय. चल, चाय घेवया."

लग्न झाले. अंतरपाट खाली येताच आत्याबाईंनी आधी माझ्या तोंडाकडे बघून खात्री करून घेतली आणि मगच अक्षता टाकल्या. निवृत्त होईपर्यंत मी शिकवत राहिले. दत्तारामच्या त्या लाटा मी त्या दुपारनंतर कधी पाहिल्या नाहीत. बोटीने येणारा डबा आता दोन डोक्यांना पुरवायचा होता.

मागच्या महिन्यात नातीने विचारले, "आजी, तुझे केस मुळात सरळ होते की लाटांचे?"

"दोन्ही," मी ठणकावून सांगितले. "आणि सगळ्या चाळीसमोर सिद्ध करून दाखवलं होतं. ओढून बघा म्हटलं होतं मी."

"मग आताही सोडून दाखव ना."

मला कसली लाज! मी ताठ मानेने अंबाड्याला हात घातला, आणि अख्खा अंबाडाच माझ्या हातात आला. ते माझे गंगावन होते. नातीने त्याचे टोक धरून वरून खालपर्यंत ओढून पाहिले.

अगदी ओळंब्यासारखे सरळ होते.